चौऱ्याण्णव टक्के

"रँडम फॉरेस्ट," हुद्दार सर म्हणाले, "म्हणजे काय? फॉरेस्ट म्हणजे जंगल. आता आपलं राधानगरीचं जंगल घ्या. त्यात झाडं किती? भरपूर. प्रत्येक झाडाला विचारायचं, बाबा, तुझं मत काय. आणि मग बहुमतानं निर्णय. म्हणजे ही एक प्रकारची लोकशाहीच झाली."

मागच्या बाकावरून रणजित खोतनं विचारलं, "सर, आणि मधेच गवा आडवा आला तर?"

वर्ग हसला. सरही हसले. मग त्यांनी वहीत लिहून घ्यायला सांगितलं: मशीन लर्निंगचे फायदे पाच, तोटे चार. मी सोडून सगळ्यांनी लिहून घेतलं.

बीबीएच्या तिसऱ्या वर्षाला त्या साली हा नवा विषय आला होता. शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून आमचे विभागप्रमुख हुद्दार सर पाच दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण घेऊन आले आणि सहाव्या दिवशी त्यांच्या दारावर पाटी लागली, 'समन्वयक, कृत्रिम बुद्धिमत्ता कक्ष'. कक्षात बावीस कॉम्प्युटर होते. त्यांतले चौदा सुरू व्हायचे. उरलेल्या आठांवर प्लॅस्टिकची कव्हरं घालून ठेवली होती आणि पाहुणे आले की ती कव्हरं काढायची जबाबदारी शिपायाची होती. नैसर्गिक बुद्धिमत्तेचा पत्ता नाही आणि हे कृत्रिम आणायला निघाले होते.

मी पुण्याचा. वडील विमा कंपनीत. त्यांची बदली झाली आणि दुसऱ्या वर्षाला मला कोल्हापुरातल्या या कॉलेजात आणून टाकण्यात आलं. 'टाकण्यात आलं' हा शब्द मी तेव्हा घरी मुद्दाम वापरायचो. दीड वर्षात मी कॅन्टीनमध्ये कुणाबरोबर एक कप चहा प्यालो नाही. कानात इअरफोन, समोर लॅपटॉप. पायथॉन मी घरी बसून शिकलो होतो आणि त्या इमारतीत ते येणारा मी एकटाच आहे, हे मी कुणालाच विसरू देत नव्हतो. बाकीची पोरं मला 'पुणं' म्हणायची. "पुणं आलं बघ," अशी. मला त्याचा राग यायचा आणि बरंही वाटायचं.

सगळ्यांत जास्त मी कुणाला हसत असेन, तर रेडेकर मॅडमना. त्या संख्याशास्त्र शिकवायच्या. "मी सांगतो बघा," "मी काल पेपर तपासलो," असं बोलायच्या. तिकडच्या बायका अशाच बोलतात हे मला ठाऊक होतं, तरी दर तासाला माझ्या कानाला ठेच लागायची. वर सगळी गणितं हातानं. ज्या गोष्टीला मला दोन ओळींचा कोड पुरे, तिच्यासाठी त्या दोन फळे भरायच्या. एकदा मी उत्तर लॅपटॉपवर काढून दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. आता हा आकडा कुठनं आला, तेवढं सांग." मला सांगता येईना. त्या थांबून राहिल्या. चिडल्या नाहीत, नुसत्या थांबल्या आणि ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

डिसेंबरात हुद्दार सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"शौनक, संस्थेनं आपल्या कक्षाला एक काम दिलंय," ते म्हणाले. "पूर्णवेळ शिक्षकाची एक जागा मंजूर झालीय. उमेदवार दोन, दोघंही आपलेच, तासिका तत्त्वावरचे. मार्केटिंगचे कामेरीकर सर आणि रेडेकर मॅडम. मॅडमना नऊ वर्षं झाली. या वर्षी ज्यांचं होणार नाही, त्यांचे तासही बंद. भाऊसाहेब म्हणतात, शिफारशी ऐकून कान किटले. मशीनला विचारा. मशीनला ना जात, ना पाहुणा."

भाऊसाहेब सरनोबत म्हणजे संस्थेचे सचिव. मी विचारलं, "मशीनला काय विचारायचं?"

सरांनी कपाटाकडे बोट दाखवलं. विद्यार्थ्यांनी भरून दिलेले मतफॉर्म. अकराशे चाळीस. शिक्षकाचं नाव आणि खाली चौकट, 'आपले मत थोडक्यात लिहा'. भरणाऱ्याचं नाव नाही. मशीननं ही मतं वाचून चांगलं की वाईट ते ठरवायचं आणि प्रत्येक शिक्षकाला टक्के द्यायचे.

"हे झालं की पुण्याच्या एका डेटा कंपनीला मी तुझ्या नोकरीसाठी पत्र देतो," सर म्हणाले. "माझा मित्र आहे तिथं. पत्र दिलं की झालंच समज."

पुण्याला परत जायचं म्हणजे मला तेव्हा मोक्षच वाटत होता. मी हो म्हणालो.

मदतीला त्यांनी रणजित खोतला दिलं. रणजित मुरगूडचा. रोज एसटीनं यायचा, आल्यावर शर्टाच्या बाह्या दुमडायचा आणि कुणाशीही बोलायला लागायचा. मी त्याला एकच काम दिलं, फॉर्म बघून मजकूर कॉम्प्युटरवर उतरवायचा. डोकं लागणारं काम मी माझ्याकडे ठेवलं.

ते डोकं लागणारं काम असं. पहिली तीनशे मतं माणसानं वाचायची आणि प्रत्येकासमोर लिहायचं, चांगलं किंवा वाईट. मशीन त्यावरून शिकतं, कोणते शब्द आले की मत चांगलं, कोणते आले की वाईट. मग उरलेली मतं ते स्वतः वाचतं. साधी गोष्ट आहे. मी ती तीनशे मतं एका दुपारी संपवली. पोरांचं मराठी पाहून मला कीव येत होती. 'मॅडम म्हणजे जाळ आणि धूर संगटच.' 'रेडेकर मॅडमचा तास, काटा किर्र.' आणि सगळ्यांत जास्त वेळा, 'मॅडम, विषय हार्ड.' 'विषयच हार्ड.' 'विषय लई हार्ड.' एकानं तर तीनदा लिहिलं होतं. संख्याशास्त्र अवघड जातं, बाईंना समजावता येत नाही, दुसरा अर्थ काय असणार? मी सगळ्यांसमोर 'वाईट' लिहीत गेलो. 'नाद खुळा' तेवढं मला माहीत होतं. ते मी चांगल्यात टाकलं आणि इथली बोली आपल्याला किती कळते याचं मला कौतुक वाटलं.

कामेरीकर सरांची मतं सरळ होती. 'सर चांगले आहेत.' 'सर छान शिकवतात.' 'गुड टीचर.' चांगलं, चांगलं, चांगलं.

नंतर चाचणी. पन्नास मतं मी आधीच बाजूला काढून त्यांच्यावरही चांगलं-वाईट लिहून ठेवलं होतं. मशीननं त्यांच्यावर काय लिहिलं ते ताडून पाहिलं. चौऱ्याण्णव टक्के जुळलं. मी खुर्चीत मागे रेललो. हुद्दार सरांना दाखवलं तर त्यांनी तो आकडा मोठ्या अक्षरांत मुखपृष्ठावर छापायला सांगितला.

सतरा शिक्षकांत कामेरीकर सर दुसरे आले. रेडेकर मॅडम शेवटच्या. चौऱ्याहत्तर मतांतली चांगली फक्त नऊ. मला आनंद झाला, हे इथं सांगून टाकतो. मशीनलाही तेच दिसलं जे मला दिसत होतं, असं वाटलं.

भाऊसाहेबांसमोर मांडणी शुक्रवारी होती. गुरुवारी दुपारी मी लॅबमध्ये स्लाइड लावून सराव करत होतो. रणजित समोर बाकावर बसून शेंगदाणे खात होता. मी 'नकारात्मक शब्द' ही स्लाइड आणली. सर्वांत वर, सर्वांत मोठ्या अक्षरांत: 'हार्ड'.

रणजित हसायला लागला. शेंगदाणा घशात अडकेपर्यंत हसला.

"लई भारी," तो म्हणाला. "आता खरी स्लाइड लाव."

"ही खरीच आहे."

"आरं, चेष्टा नको." मग त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. "विषय हार्ड म्हंजे काय, सांग बघू."

"विषय अवघड आहे."

"कुणाचा विषय?"

"मॅडमचा. स्टॅट."

रणजितनं शेंगदाण्याची पुडी बाकावर ठेवली. "मोघे," तो म्हणाला. एरवी तो मला पुणं म्हणायचा. "विषय हार्ड म्हंजे नाद न्हाई करायचा. म्हंजे एक नंबर. परवा मॅचमधी पोरगं शंभर काढलं, आम्ही काय वरडलो? विषय हार्ड. त्याचा शिकवायच्या विषयाशी काय संबंध न्हाई लेका. जाळ अन् धूर म्हंजे पण तेच. काटा किर्र म्हंजे पण तेच. ही सगळी पोरं मॅडमवर जीव टाकत्यात."

मी विचारलं, "आणि 'सर चांगले आहेत'?"

"ते काय, कायतरी लिवायचं म्हणून लिवलंय. फॉर्म कोरा सोडला की शिपाई परत देतो."

"तू सगळे फॉर्म टाइप केलेस. तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू इचारलास कवा?" तो म्हणाला. "मला वाटलं, मॅडम पहिल्या येणार. मी तर घरात सांगून बसलोय."

पन्नासांतली चौऱ्याण्णव टक्के मतं का जुळली होती, ते मला तिथंच उभ्याउभ्या कळलं. ती पन्नासही मीच तपासली होती. शिकवणारा मी, परीक्षक मी. मशीन माझ्यासारखंच चुकत होतं आणि त्यालाच मी अचूक म्हणत होतो. हे कुणालाही सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

"उद्या सांगशील न्हवं?" रणजितनं विचारलं.

"आत्ताच सांगतो," मी म्हणालो आणि खरोखरच सरांच्या केबिनकडे गेलो. त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, यावर माझा अजूनही विश्वास आहे.

हुद्दार सरांनी शांतपणे ऐकलं. मग उठून दार लावलं.

"मी पन्हाळ्याचा," ते म्हणाले. "मला 'विषय हार्ड' शिकवतोस होय?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मी तुझे शब्द कुठं वाचत बसलो? मी आकडा बघितला. आणि रिपोर्ट सकाळीच भाऊसाहेबांकडे गेला." ते बसले, टेबलावरचा पेपरवेट त्यांनी इकडचा तिकडे केला. "आता जाऊन काय सांगायचं? आमच्या मशीनला मराठी येत नाही? मग हा कक्ष कशाला, बावीस कॉम्प्युटर कशाला?"

"दोन तासांत दुरुस्त होईल, सर. मी परत लेबल लावतो."

"आणि मग मॅडम शेवटच्या नंबरावरून एकदम पहिल्या. लोक म्हणतील, मशीनला पढवलं." त्यांनी ड्रॉवर उघडून एक लिफाफा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. कॉलेजचं लेटरहेड, खाली सही, शिक्का. "हे तुझं पत्र. उद्याचं झालं की घेऊन जा. आणि रिपोर्टवर नाव तुझं आहे, शौनक. चुकलं असं ठरलं, तर चूक तुझी ठरेल. पुण्याच्या कंपनीला मी मग काय लिहू?"

हा माणूस लबाड असता तर मला बरं वाटलं असतं. लबाडाला निदान काही हवं असतं. हुद्दार सरांना फक्त हसं व्हायला नको होतं. एका पाटीसाठी ते एका बाईची नोकरी घालवायला तयार होते आणि त्यांना त्यात काही विशेषही वाटत नव्हतं. मला त्यांची किळस आली. ती किळस घेऊन मी घरी गेलो, नीट जेवलो आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आलो.

शुक्रवारी भाऊसाहेबांच्या दालनात आम्ही तिघंच होतो. रणजितला बोलावलं नव्हतं. भाऊसाहेब सत्तरीचे. त्यांनी चष्मा लावून रिपोर्ट उलटसुलट पाहिला आणि रेडेकर मॅडमच्या नावावर बोट ठेवलं.

"ही बाई शेवटची?" ते म्हणाले. "नऊ वर्षांत माझ्याकडं हिची एक तक्रार न्हाई. उलट पोरं नाव काढत्यात." त्यांनी हुद्दार सरांना सोडून माझ्याकडे पाहिलं. "बाळ, हे यंत्र तू केलायस न्हवं? मला यातलं काय कळत न्हाई. तू सांग. हे खरं बोलतंय?"

एवढा सरळ प्रश्न मला त्यानंतर कुणी विचारलेला नाही. हुद्दार सर खिडकीबाहेर बघत होते.

"चौऱ्याण्णव टक्के, सर," मी म्हणालो.

भाऊसाहेबांनी मान हलवली. "मग माझंच चुकत असंल," ते म्हणाले. "ऑर्डर बुधवारी काढू." बाहेर आल्यावर सरांनी लिफाफा माझ्या हातात दिला आणि पाठ थोपटली.

रणजित जिन्यात उभा होता. "सांगितलास?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, वेळच मिळाला नाही. त्यानं एकदा लिफाफ्याकडे पाहिलं आणि तो निघून गेला.

सोमवारी दुपारी मी लॅबमध्ये एकटा होतो. रेडेकर मॅडम आल्या. त्या लॅबमध्ये कधी येत नसत. हातात त्यांची नेहमीची कापडी पिशवी होती. बाजूची खुर्ची ओढून बसल्या.

"शौनक, माझा निकाल लागला म्हणे," त्या म्हणाल्या. "शेवटचा नंबर."

"हो, मॅडम."

"मशीननं किती मतं वाचली माझी?"

"चौऱ्याहत्तर."

"सॅम्पल बरं आहे," त्या म्हणाल्या आणि जरा हसल्या. "नऊ वर्षं मी या पोरांना शिकवतो. माणूस म्हणून विचारतो तुला, मशीनचं राहू दे. तू स्वतः वाचलास न्हवं? एकानं तरी काही बरं लिहिलं होतं का?"

त्यांचा आवाज अगदी साधा होता. रडवेला नव्हता. मला वाटलं, यांना थोडं बरं वाटेल असं काहीतरी बोलावं. खरंच असं वाटलं. मी मनाचा मोठेपणा करून म्हणालो, "एक-दोन होते, मॅडम."

त्यांनी पिशवीतून रबर लावलेला एक गठ्ठा काढला आणि की-बोर्डवर ठेवला. फॉर्म. खरे, कागदाचे, पोरांच्या हस्ताक्षरातले. ते मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिले. मी कधी हात लावला नव्हता. ते रणजितकडेच होते.

"मोज," त्या म्हणाल्या.

"मॅडम..."

"वाईट बाजूला काढ आणि चांगले मोज. मनात नको. मोठ्यानं."

मी मोजायला लागलो. एक. दोन. निळी शाई, काळी शाई, एकानं फूल काढलं होतं. विषय हार्ड, अकरा. विषय हार्ड, बारा. तिसाच्या आसपास मी थांबलो. त्या थांबून राहिल्या. मी परत सुरू केलं. शेवटचा फॉर्म एकसष्टावा होता.

"एकसष्ट," मी म्हणालो.

"रणजित शनिवारी घरी आलता," त्या म्हणाल्या. "म्हणाला, शौनकला घेऊन भाऊसाहेबांकडं जाऊया. यंत्र त्याचं, त्याच्या तोंडनं निघालं तर ते ऐकतील. ऑर्डर अजून निघायची आहे. मी म्हटलो, आधी मी एकटा जाऊन विचारतो. बाहेरगावचं पोरगं, शब्द कळला नसंल, चूक कुणाकडनंही होते. चूक झाली असंल तर त्याला घेऊन जाऊ." त्यांनी फॉर्म सारखे केले, रबर लावलं आणि गठ्ठा पिशवीत ठेवला. "पण तू चुकला नाहीस."

त्या उठल्या, खुर्ची जागच्या जागी सरकवली आणि निघाल्या. लॅबच्या दारापासून जिन्यापर्यंत लांब व्हरांडा होता. त्यांच्या चपलांचा आवाज मला बराच वेळ येत होता आणि तेवढा वेळ त्यांना हाक मारता आली असती. मी खुर्चीत बसून राहिलो. बुधवारी कामेरीकर सरांच्या नावानं ऑर्डर निघाली आणि त्याच दुपारी मला पुण्याच्या कंपनीकडून परीक्षेनंतर रुजू व्हायची तारीख आली.